नाक्सोसवर पाच रात्री: गाडी रोज, दोन दिवस की मुळीच नको?

हिशेबासाठी घेतलेलं कुटुंब असं: पुण्याचे चाळिशीतले नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतल्या आजी. आजींना सपाटीवर अर्धा किलोमीटर चालता येतं, पण जिने नकोसे होतात. मुलाला घाटात गाडी लागते. जूनच्या मध्यावर अथेन्सहून बोटीने नाक्सोसला पोचायचं, पाच रात्री राहायचं आणि सहाव्या दिवशी परत निघायचं. मुक्काम होरात, म्हणजे बंदराच्या मुख्य गावात, आयोस येओर्योस किनाऱ्याजवळ. नवरा पुण्यात मॅन्युअल स्विफ्ट चालवतो, ताम्हिणी घाट त्याच्या सवयीचा आहे. बायको गेली काही वर्षं फक्त ऑटोमॅटिक चालवते. उजव्या बाजूने गाडी दोघांनीही कधी चालवलेली नाही.

ग्रीसच्या सिक्लाडीस बेटांमध्ये नाक्सोस सगळ्यात मोठं. क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर, आणि मधोमध झास डोंगर, साधारण 1,000 मीटर उंचीचा. गाडीचा प्रश्न इथे पडतो तो या डोंगरामुळे. हेच कुटुंब इद्रा बेटावर निघालं असतं तर विचारच करावा लागला नसता, तिथे खासगी मोटारींना बंदी आहे. क्रीटला निघालं असतं तरी करावा लागला नसता: ते बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे, तिथे लहान मूल आणि आजी बरोबर असतील तर गाडी घ्यावीच. नाक्सोस या दोन टोकांच्या मधे पडतं. अर्ध्या बेटाला गाडी लागत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तिच्यावाचून चालत नाही.

न लागणारा अर्धा भाग म्हणजे नैऋत्येचे किनारे. आयोस येओर्योस हॉटेलपासून चालत. आयोस प्रोकोपियोस, आया आना आणि प्लाका हे पुढचे किनारे होरापासून साधारण पाच ते आठ किलोमीटरवर, एकामागोमाग एक. उन्हाळ्यात या मार्गावर केटीईएल या सार्वजनिक बससेवेच्या बस दिवसभर जा-ये करतात. तिकीट सुमारे दोन-अडीच युरो. ते बसमध्ये मिळेल असं धरून चालू नये. बंदरासमोरच्या बस कार्यालयात, यंत्रावर किंवा जवळच्या दुकानात आधी घ्यायचं आणि परतीचंही तेव्हाच घेऊन ठेवायचं. किनाऱ्यावरच्या थांब्याशी दुकान शोधत उन्हात फिरण्याची वेळ यामुळे टळते. त्या दिवसांत गाडी असलीच तर तिला सकाळी किनाऱ्यामागच्या धुळीत जागा शोधून द्यायची आणि ती संध्याकाळपर्यंत तापत ठेवायची, एवढाच तिचा उपयोग. जुन्या होरात, कास्त्रो म्हणजे जुन्या किल्ल्याच्या गल्ल्यांत, मोटार शिरतच नाही. जेवायला चालतच जायचं.

लागणारा अर्धा भाग डोंगरात आणि उत्तरेला आहे. हाल्की, फिलोती, आपिरान्थोस ही गावं मुख्य रस्त्यावर आहेत, तिथे बस जाते, पण दिवसातून मोजक्याच वेळा. उत्तर टोकाच्या आपोलोनासला तर आणखी कमी. तिथे खाणीत अर्धवट सोडलेला, सुमारे 10.7 मीटर लांबीचा संगमरवरी पुतळा गेली अडीच हजार वर्षं आडवा पडून आहे. बसने जाऊन तो बघता येतो, पण मग गावात किती वेळ थांबायचं हे वेळापत्रक ठरवतं. सांग्रीजवळचं देमेतेर देवीचं देऊळ, इसवी सनापूर्वी सुमारे 530 चं, शेतांच्या मधोमध आहे. बसच्या रस्त्यावर उतरून तिथवर उन्हात चालणं आजींना झेपणारं नाही. या कुटुंबासाठी गाडीची सगळी बाजू या दोन ठिकाणांवर आणि आजींच्या गुडघ्यांवर उभी आहे.

आता पैसे. दर आम्ही हिशेबासाठी धरले आहेत, नक्की करताना ताजे बघावेत. लहान मॅन्युअल गाडी दिवसाला 50 युरो, शून्य एक्सेसचा (धरलेल्या नुकसानीतला वाटा आपल्यावर न टाकणारा) विमा दिवसाला 12 युरो, पेट्रोल लिटरला 2 युरो, भरलेल्या लहान गाडीला घाटात 100 किलोमीटरला 7 लिटर. किनाऱ्याची बस माणशी एका फेरीला 2.30, आपिरान्थोसची 4, आपोलोनासची 6.50 युरो. मुलाची सवलत धरलेली नाही.

पाचही दिवस गाडी: 310 युरो भाडं आणि विमा, सुमारे 220 किलोमीटरचं पेट्रोल 31 युरो, एकूण 341. मुळीच गाडी नाही: दोन दिवस किनारे 37, आपिरान्थोस 32, आपोलोनास 52, एकूण 121. दोन दिवस गाडी: 124 अधिक 160 किलोमीटरचं पेट्रोल 22 अधिक दोन दिवसांची किनाऱ्याची बस 37, एकूण 183. म्हणजे बसपेक्षा 62 युरो जास्त, रुपयांत साधारण सहा हजार. त्या बदल्यात देऊळ मिळतं, आपोलोनासला हवं तितकं थांबता येतं आणि मुलाला गाडी लागली की कुठेही थांबता येतं. पाच दिवसांच्या गाडीचे त्यावरचे 158 युरो मात्र जवळजवळ नुसते उभ्या गाडीचे. म्हणून निर्णय: दोन दिवस. ऑगस्टमध्ये भाडं दीडपट-दुप्पट होतं, तेव्हा उभ्या गाडीचे पैसे आणखी बोचतात.

कोणते दोन दिवस, हेही महत्त्वाचं. बोटीतून उतरल्या उतरल्या बंदरावर चावी घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. अथेन्सच्या पिरेयस बंदराहून साधी बोट पाच-साडेपाच तास घेते. माणसं दमलेली, बंदरावर ट्रक, प्रवासी आणि हॉटेलांच्या गाड्यांची झुंबड, आणि त्यात आयुष्यात पहिल्यांदा डावीकडचं स्टिअरिंग. दुसरं कारण वाऱ्याचं. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. तो फार चढला की बंदर प्रशासन बोटी रोखतं, ग्रीक लोक त्याला ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात. बोट एक दिवस लांबली तर घेतलेल्या गाडीचा पहिला दिवस फुकट जातो. भाड्याचा दिवस 24 तासांचा असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला घेऊन पाचव्या दिवशी सकाळी नऊला परत केली की दोन पूर्ण दिवस आणि दोन संध्याकाळी हाताशी येतात. शेवटच्या दिवशीही गाडी ठेवू नये. बोट गाठायची घाई आणि गाडी परत करताना ओरखड्यांवरून वाद, हे दोन्ही एका सकाळी नकोत.

कागदपत्रांत चूक झाली तर बाकीचा हिशेब वाया. भारतीय लायसन्सवर ग्रीसमध्ये गाडी घ्यायची तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, आयडीपी, बरोबर हवा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या लायसन्सवाल्यांना 2021 पासून त्यातून सूट आहे, आणि इंग्रजी साइटवरचा ‘परवाना लागत नाही’ हा सल्ला त्यांच्यासाठी असतो. तो वाचून आपण गाफील राहायचं नाही. परवाना आपल्या आरटीओतून निघतो, अर्ज सारथी पोर्टलवरून करता येतो. फॉर्म 4ए, लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती लागतात, शुल्क 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. व्हिसाची प्रत लागते म्हणून काम शेवटच्या आठवड्यात येतं, आणि नेमकं तिथेच राहून जातं. शेंगेन व्हिसा हातात आला त्याच दिवशी अर्ज करावा. ऑनलाइन दोन तासांत ‘इंटरनॅशनल लायसन्स’ची पीडीएफ विकणाऱ्यांकडून काही घेऊ नये, त्या कागदाला किंमत नाही. परवान्याबरोबर मूळ लायसन्सही लागतं. अपघात झाला आणि परवाना नसला तर दंडापेक्षा मोठं संकट म्हणजे विमा कंपनी हात वर करते. आधी चावी देणाऱ्याने परवाना विचारला नव्हता, हे तेव्हा कामाला येत नाही.

दुसरी अडचण कार्डाची. आपल्याकडचे प्रवासी खर्चासाठी फॉरेक्स कार्ड नेतात. ते प्रीपेड असतं, आणि डिपॉझिट अडकवून ठेवायला मोठ्या कंपन्या प्रीपेड किंवा डेबिट कार्ड सहसा घेत नाहीत. चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं, त्यावर परदेशी व्यवहार सुरू केलेले हवेत आणि मर्यादेत हजार-दीड हजार युरो मोकळे हवेत. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स ही जोडी काउंटरवर अडते. बेटावरच्या लहान स्थानिक कंपन्या बहुधा शून्य एक्सेसचा विमा भाड्यातच देतात आणि डिपॉझिट घेत नाहीत. या प्रकरणात आम्ही त्यांच्याच बाजूचे. करार मात्र ओळ न ओळ वाचायचा.

वाचायचं ते हे. साध्या विम्यात, ज्याला सीडीडब्ल्यू म्हणतात, एका रकमेपर्यंतचं नुकसान आपणच सोसायचं असतं, तीच एक्सेस. शून्य एक्सेस घेतल्यावरही बहुतेक करारांत टायर, रिम, काचा, आरसे, गाडीचा तळ, हरवलेली चावी आणि चुकीचं इंधन यांतलं काही ना काही बाहेर ठेवलेलं असतं. ही यादी आणि आपली नवखी चूक नेमकी एकमेकांवर बसतात. आपल्याला गाडीच्या उजव्या भागात बसायची सवय आहे. डावीकडे बसल्यावर उजवीकडे किती गाडी उरली याचा अंदाज येत नाही आणि माणूस नकळत उजवीकडे सरकत राहतो. पहिल्या दिवशी खरचटतात ते उजवीकडचे रिम, उजवा आरसा आणि उजवे टायर. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘फुल इन्शुरन्स आहे का’ हा नसून ‘रिम, टायर, आरसे आणि तळ धरलेत का’ हा, आणि उत्तर करारावर लिहून घ्यायचं. शेंगेन व्हिसासाठी घेतलेला 30,000 युरोचा विमा दवाखान्यासाठी असतो, गाडीच्या दाराशी त्याचा संबंध नाही.

कच्च्या रस्त्याचं कलमही बघावं. डांबर संपलं की विमा संपला, असं बरेच करार सांगतात. प्लाका किनाऱ्यामागचा रस्ता काही ठिकाणी मातीचा आहे, आणि नकाशाचं ॲप जवळची वाट म्हणून शेतातले रस्ते सुचवतं. आणखी एक: गाडी बोटीत चढवून शेजारच्या पारोसला नेणं कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय करू नये.

गाडी कोणती? चौघांना आय10 किंवा पांडासारखी लहान गाडी पुरते, कारण सामान हॉटेलात राहणार आहे. गावातल्या गल्ल्यांत रुंद गाडी डोकेदुखी ठरते. चौघं बसलेली एक लिटरची गाडी फिलोतीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडते, पण चढते. मॅन्युअलमध्ये गिअर उजव्या हाताला येतो. याची सवय अर्ध्या तासात होते, क्लच-ब्रेकचा क्रम तोच असतो. इंडिकेटर मात्र स्टिअरिंगच्या डावीकडे असतो. स्विफ्टवाल्याचा हात उजवीकडे जातो आणि जूनच्या कोरड्या उन्हात वायपर फिरू लागतात. ऑटोमॅटिक महाग आणि बेटावर थोड्याच, हवी तर काही महिने आधी ठरवावी. इथे नवरा मॅन्युअल चालवतो म्हणून ती घेतली नाही. बायकोचं नाव दुसरा चालक म्हणून घालायचं असेल तर तिचाही वेगळा परवाना लागेल.

मुलाची उंची 1.35 मीटरपेक्षा कमी असेल तर बूस्टर सीट हवी. ती गाडी ठरवतानाच मागावी आणि ताब्यात घेताना पट्टा नीट बसतो का ते पाहावं. क्वाड बाइक स्वस्त दिसते, ग्रीक लोक तिला लाडाने ‘गुरुना’, म्हणजे डुकरीण, म्हणतात. आजी आणि आठ वर्षांचा मुलगा असताना ती बघूही नये. वळणावर ती उलटते, आणि कित्येक प्रवास विम्यांत ती बाहेर असते.

सकाळी नऊला गाडी घेताना घाई न करता चारही बाजूंनी व्हिडिओ काढावा. प्रत्येक रिम जवळून, टायरच्या कडा, आरसे, पुढची काच, बंपरची खालची कड, आणि शेवटी इंजिन चालू करून किलोमीटर आणि इंधनाचा काटा. बेटांवर ‘जितकं दिलं तितकं परत’ अशी पद्धत खूप ठिकाणी असते. काटा पावावर असेल तर पावावरच परत, टाकी भरून देण्यात पैसे जातात. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट, तेही विचारावं.

पंपावर आपल्या कानाला एक सापळा आहे. ग्रीकमध्ये ‘पेत्रेलेओ’ म्हणजे डिझेल. पेट्रोलला ‘वेंझिनी’ म्हणतात आणि पंपावर ‘आमोलिव्ह्दी’, म्हणजे शिशाविना, असं लिहिलेलं असतं. बहुतेक पंपांवर माणूस भरून देतो. त्याला आपण आपुलकीने ‘पेट्रोल’ म्हणून सांगायचं आणि त्याने तिसरंच ऐकायचं, असं व्हायला नको. झाकणाच्या आतलं चिन्ह दाखवावं: गोलात ई5 म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी7 म्हणजे डिझेल. डोंगरात पंप विरळ, म्हणून होराबाहेर पडतानाच भरावं.

गाडीचा पहिला दिवस सोपा ठेवला आहे. होराहून सांग्रीचं देऊळ, तिथून हाल्की, फिलोती, आपिरान्थोस आणि त्याच रस्त्याने परत, सगळं मिळून सत्तर किलोमीटरच्या आत. देवळाला सकाळी जावं, सावली नाही. हाल्कीत लिंबाच्या जातीच्या सित्रोनपासून केलेली कित्रोन दारू चाखायला देतात. चालकाने चाखू नये: रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि पुढे वळणं आहेत. आपिरान्थोसच्या गल्ल्या संगमरवरी फरसबंदीच्या, गाडी गावाच्या तोंडाशीच लावायची. आजींसाठी पुढचा थोडा भाग पुरेसा आहे, आत पायऱ्या लागतात. तिथून पूर्व किनाऱ्यावरच्या मुत्सुनाला, एमरी या आपल्या कुरुंदाच्या जातीच्या दगडाच्या व्यापारातून वाढलेल्या बंदराला, उतरणारा रस्ता देखणा आहे. पण त्याची वळणं मोजली तर मुलासाठी तो आम्ही वगळला.

दुसऱ्या दिवशी आपोलोनासची फेरी, सुमारे नव्वद किलोमीटर. इथे दिशेचा विचार करावा. उजव्या बाजूने चालवताना, समुद्र डावीकडे असेल तर आपली लेन डोंगराच्या बाजूला येते. म्हणून सकाळी एंगारेसमार्गे पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला जायचं आणि कोरोनोसमार्गे डोंगरातून परतायचं. उलट फिरलात तर नवखा चालक दरीच्या कडेने जातो, आणि उजवीकडे सरकायची खोड तिथे महागात पडते. कोकणातल्या सागरी रस्त्याने दक्षिणेला जाताना आपण डोंगराच्या बाजूला असतो, इथे तेच गणित उलटं होतं. परतताना चारपर्यंत निघावं. उशीर केला तर होराकडे उतरताना मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो, आणि वळणामागे शेळ्या उभ्या असतात.

चुकीच्या बाजूला जाण्याचा धोका रहदारीत कमी असतो, समोरची गाडी आपल्याला सांभाळून घेते. तो असतो रिकाम्या रस्त्यावर, थांब्यानंतर: पंपातून निघताना, देवळासमोरून डावीकडे वळताना. प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना शेजारी बसलेल्याने ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणायचं, आजींना हे काम आवडेल. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मागचा स्थानिक घाईत असेल तर रुंद जागी बाजूला व्हावं, चढाओढ करू नये. किनाऱ्यावर उतरताना दार हाताने घट्ट धरून उघडावं. मेल्तेमी दार हिसकावतो, बिजागर वाकतं, आणि ते नुकसान विम्यात धरलंय का हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ठोकर लागलीच तर गाडी न हलवता आधी कंपनीला फोन, दुखापत असेल तर 112. समोरची गाडी असो वा नसो, पोलिसांत नोंद करायची का ते कंपनीला विचारून तसंच करावं. नोंद नाही म्हणून दावा नाकारला जातो. फोटो, समोरच्याच्या गाडीचा नंबर आणि त्याच्या विम्याचा तपशील तिथल्या तिथे घ्यावा.

मुक्काम प्लाकाच्या दक्षिणेला मिक्री विग्ला किंवा कास्त्राकीला असता तर निकाल बदलला असता. तिथे बस कमी, संध्याकाळी जेवायला होरात यायचं तर टॅक्सी, आणि बेटावर टॅक्सी मोजक्याच. तिथे चार-पाच दिवसांची गाडी वसूल होते. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी गाडीचा विचार करावा, स्वस्त खोलीतले वाचलेले युरो भाड्यात जाऊ शकतात. आणि निघेपर्यंत आरटीओतून परवाना हाती आलाच नाही, तर दोन दिवसांचं भाडं रद्द करून, म्हणूनच बुकिंग विनामूल्य रद्द होणारं घ्यायचं, एक दिवस टॅक्सीवाल्याशी आदल्या संध्याकाळी भाडं ठरवून देऊळ आणि हाल्की करावं. आपोलोनास बसने, आणि आजींनी त्या दिवशी आयोस येओर्योसवर सावलीत बसावं.